न्हाणीत दोरीच हवी
गळ्यातलं एसओएस बटण, म्हणजे अडचणीत मदतीसाठी दाबायचं बटण, दिलं की एकट्या राहणाऱ्या आईची काळजी मिटते, असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. डिचोलीची आमची मावशी आंघोळीआधी ते काढून खिडकीत ठेवते, आणि घसरायची खरी भीती न्हाणीतच! शिवाय पावसात वीज गेली की राउटर बंद, मग वायफायवरचं बटण काय कामाचं? सिमकार्डवालंच घ्या.

मावसभावाने न्हाणीत ओढायची दोरी लावलीय. घंटी शेजारच्या घरात वाजते, दोन्हीकडे बॅटरीच्या सेलवर, म्हणजे वीज गेली तरी चालते. दोरी मात्र जवळजवळ जमिनीपर्यंत हवी. ब्रिटनमधल्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहांत अशा दोरीची खालची कडी जमिनीपासून 10 सेंटीमीटरवर असते, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. आपल्याकडे कारागीर ती कमरेच्या उंचीवर कापून मोकळे होतात, तेव्हा बसवताना समोर उभे राहा.