वाकडे जुळलेले मनगट: चीर तळहाताच्या बाजूने की मागून?

केतकी:
दीड वर्षापूर्वी आईचे मनगट मोडले आणि प्लास्टर निघाले तेव्हा रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे हाड, आखूड होऊन, मागे झुकून जुळलेले होते. आज तीर्थ घेताना तिचा उजवा तळहात पुरता उताणा होत नाही आणि पोळी लाटताना करंगळीच्या बाजूस कळ येते. या अस्थिभंगाचे वर्णन करणाऱ्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली असे लिहिले होते की, व्यंग राहिले तरी हात कालांतराने वेदनामुक्त होतो. आईला तो अनुभव आलेला नाही. म्हणून हाड पुन्हा कापून सरळ करावे आणि तेही तळहाताच्या बाजूने, असे माझे ठाम मत आहे. तेथे लॉकिंग प्लेटवर, म्हणजे कापलेले हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर, स्नायूचे आच्छादन येते. मागे मात्र बोटे उचलणाऱ्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) हाडालगतच असल्याने प्लेटवर घासून तुटू शकतात.

अस्थिशल्यक:
मी असहमत आहे. निरोगी रेडियसचा सांध्याकडील पृष्ठभाग तळहाताकडे सुमारे ११ अंश झुकलेला असतो. तोच मागे झुकून जुळला, की हाडाची उणीव मागच्या बाजूस राहते. त्यामुळे मागून छेद घेतल्यास पाचरीसारखी फट उघडून कमरेच्या हाडाचा तुकडा डोळ्यांसमोर नेमका बसवता येतो. १९८२ साली शल्यचिकित्सक दिएगो फर्नांडिस यांनी मांडलेली पद्धत हीच. शिवाय तळहाताकडची प्लेट सांध्याच्या फार जवळ बसली, तर अंगठा वाकवणारी कंडराही तुटते, हे आपण विसरलात.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट:
आपण दोघेही अल्नाकडे, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाकडे, पाहत नाही. मनगटावरचा सुमारे ८० टक्के भार रेडियस पेलते. अल्ना तुलनेने अडीच मिलिमीटर लांब झाली, तरी तिचा वाटा २० वरून ४० टक्क्यांच्या घरात जातो. करंगळीकडची कळ तिथलीच असावी. अल्ना काही मिलिमीटर आखूड केली, तर कमरेतून हाड काढावेच लागणार नाही.

केतकी:
कळ येण्याचे कारण मला पटले. परंतु एक्स-रेमध्ये आईचे रेडियस २५ अंश मागे झुकलेले आहे आणि अल्ना कापल्याने तो झुकाव तसाच राहील. कंडरेचा मुद्दाही मान्य. पण प्लेट सांध्याच्या किती जवळ न्यावी हे शल्यचिकित्सकाच्या हातात असते, मागच्या कंडरांना मात्र बाजूला सरकायला जागाच नसते. तळहाताकडून केलेल्या छेदातूनही मागची फट भरता येते. दोन्ही मनगटांचा सीटी स्कॅन करून, डाव्या हाताच्या मापावर उजव्याचा छेद आखून घेण्याचे आम्ही ठरवले आहे.