अनुभव धागा: नेहमीच्या पुड्याची चव बदलली तेव्हा

आमच्याकडे २७ वर्षं एकाच चहाचा पुडा येतो. गेल्या दिवाळीनंतर आई दोन घोट घेऊन कप बाजूला ठेवायला लागली. आधी दूध पातळ आलं म्हणाली, मग चहातलं आलं जुनं, मग नळाचं पाणी. शेवटी एका सकाळी हळूच म्हणाली, "माझ्याच जिभेची चव गेली गं बहुतेक." ती ७८ वर्षांची आहे. मला गलबलून आलं.

प्रवासाच्या डबीत जुन्या पुड्यातली थोडी पूड सापडली. एकाच दुधात, एकाच मापाने दोन भांड्यांत चहा केला आणि काही न सांगता तिच्यापुढे ठेवला. पहिल्या घोटाला तिने जुना ओळखला. जीभ शाबूत होती, पूड बदलली होती. पुड्यावर मात्र तोच रंग, तेच चित्र.

तुमच्याकडे असं झालंय का? मोकळेपणाने लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

सांगलीहून
माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. सासूबाई रोज म्हणायच्या, "चहाला उकळी नीट येऊ देत नाहीस." मी आधण जास्त वेळ ठेवून पाहिलं, पूड वाढवली, चहा कडू झाला. रडायचीच बाकी होते. मग त्यांच्या बहिणीकडे गेलो, तर तिथेही तोच पुडा आणि तीच तक्रार. घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः चहा टाकला आणि पहिला कप माझ्या हातात दिला. बोलल्या काही नाहीत.

पुण्याहून
आमचं सुट्या चहाचं दुकान आहे, वडिलांपासून. एका पुड्यात अनेक मळ्यांचा माल असतो. आसामात मे-जूनमध्ये दुसऱ्या बहराची पत्ती येते, तिचा चहा दाट आणि भरदार. पावसाळ्यात पत्ती भराभर वाढते, माल मुबलक, पण चव पाणचट. दर हंगामाचा माल वेगळा, म्हणून चव तीच ठेवायची तर चाखणाऱ्याला मिश्रण सारखं जुळवत राहावं लागतं. भाव चढले आणि भारी माल कमी घातला की चव घसरते. मग रंग सांभाळायला डस्ट, म्हणजे पत्तीचा बारीक चुरा, वाढवतात. रंग पटकन उतरतो, वास राहत नाही.

घरी गाळणीतला चोथा बघा. चांगल्या मालाचे दाणे फुगून मोकळे राहतात, डस्टचा चिखलासारखा थर बसतो. दूध घालायच्या आधी कोरा चहा चाखा, दुधात बरंच लपतं.

माल बदलावा लागला तर मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो, ५० ग्रॅमची पुडी नेऊन बघा म्हणतो. न सांगता बदलणं मला पटत नाही.

नाशिकहून
आम्ही आता दोन कंपन्यांची पूड मिसळतो. भागतं. पण तो चहा नाही.

सोलापूरहून
माझी चहाची गाडी आहे. स्टँडवरचे ड्रायव्हर, हमाल रोजचे. पुडा बदलला त्या आठवड्यात चार जणांनी विचारलं, "मालक, पाणी वाढवलं काय?" मी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, पण दोघं समोरच्या गाडीवर गेले ते गेलेच. कंपनीने केलं आणि लबाड मी ठरलो, हे अजून सलतं.

लेस्टरहून
इथे इंग्लंडमध्ये २०११ साली एका जुन्या कंपनीने अर्ल ग्रे चहामध्ये बर्गमॉट आणि लिंबाचा स्वाद वाढवला. बर्गमॉट म्हणजे लिंबाच्या कुळातलं फळ, त्याच्या सालीच्या तेलाचा वास या चहाला असतो. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की कंपनीला जुनी चव वेगळ्या नावाने परत आणावी लागली. आपणही गप्प बसू नये. पुड्यावर पत्ता असतो, पत्र लिहावं.

धागाकर्ती
सगळं आईला वाचून दाखवलं. सोलापूरच्या दादांचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. कंपनीला पत्र ती सांगणार आहे, मी लिहिणार आहे. आज चोथाही पाहिला, थरच बसला होता.

पुण्याचे दुकानवाले दादा, रविवारी दुकान उघडं असतं का? आईला घेऊन येते. वास तिलाच घेऊ दे.