‘अँड’च्या आधीचा स्वल्पविराम: गुण कापावेत का?

रत्नागिरीचा पालक: रत्नदुर्गाच्या सहलीवरील इंग्रजी निबंधात मुलीने ‘वी सॉ द टेम्पल, द फोर्ट, अँड द लाइटहाउस’ असे लिहिले, तर शिक्षिकांनी शेवटचा स्वल्पविराम खोडून अर्धा गुण कापला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस जो स्वल्पविराम पाळते आणि शिकागोची शैलीपुस्तिका ज्याची शिफारस करते, तो चूक कसा? अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, जादा तासांचा दीडपट मोबदला न मिळणाऱ्या कामांच्या यादीत, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘ऑर’आधी स्वल्पविराम नसल्याने वितरण हे वेगळे काम की पॅकिंगचाच हेतू, हे ठरेना. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने, वितरण करणाऱ्या आणि जादा तासांचा मोबदला मागणाऱ्या दूधगाडीचालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

देवगडची शिक्षिका: न्यायालयाचा दाखला नववीच्या वर्गाला कशाला? ब्रिटिश वृत्तपत्रे हा स्वल्पविराम सहसा देत नाहीत, मराठीतही ‘आणि’आधी तो देण्याची रीत नाही, त्यामुळे मुलांना न देणेच सोपे जाते. माझ्या मते खरी डोकेदुखी वेगळीच आहे. ‘द रेन स्टॉप्ड, वी वेन्ट टू द जेट्टी’ अशी दोन पूर्ण वाक्ये मुले नुसत्या स्वल्पविरामाने जोडतात. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’सारखे अव्यय हवे. लाल शाई तिथे खर्च व्हावी.

मालवणचा वाचक: पालकांचा स्वल्पविरामावर फारच विश्वास दिसतो. ‘आय मेट माय अंकल, अ बोटमॅन, अँड अ टीचर’ यात काकाच होडीवाला आहे की माणसे तीन आहेत? स्वल्पविराम काढला, तर काकाच होडीवाला आणि शिक्षकही आहे, असाही अर्थ निघतो. ‘अ बोटमॅन, अ टीचर अँड माय अंकल’ असा क्रम बदलला की प्रश्न मिटतो.

रत्नागिरीचा पालक: क्रम बदलणे मान्य, पण मंदिर, किल्ला आणि दीपगृह यांत कसलीच संदिग्धता नव्हती. मग गुण कशाचा गेला?

देवगडची शिक्षिका: तिथे मी नुसती खूण केली असती, गुण कापला नसता. मात्र एकाच निबंधात कुठे स्वल्पविराम आणि कुठे नाही असे आढळले, तर गुण मी जरूर कापेन.