विषय: जानेवारीत बीजिंग आणि सान्या, एकाच बॅगेत

टॅम्पिनीसच्या वहिनी:

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही दोघं चीनला जायचं म्हणतोय. आधी पाच दिवस बीजिंग, मग चार दिवस दक्षिण टोकाला, सान्याला समुद्रावर. सिंगापुरात वीस वर्षं काढली, घरात एक धड स्वेटर नाही. मागच्या वर्षी आपल्यातल्या कोणीतरी हाच दौरा केला होता ना? उणे आठात साठीच्या माणसांनी फिरावं का? की बीजिंग गाळून सरळ सान्या गाठावं? आणि हे पक्के शाकाहारी, त्यांच्या जेवणाचं काय करायचं?

क्लेमेंटीहून:

वहिनी, आम्हीच गेलो होतो. बीजिंग अजिबात गाळू नका.

थंडी आहेच. रात्री उणे आठच्या आसपास, दुपारी शून्याच्या जेमतेम वर. पण हवा कोरडी असते, आभाळ निळंशार, बर्फ क्वचितच. झोंबतो तो वारा. आत शिरलात की मात्र घाम फुटतो, कारण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च शहरभर घरं तापवलेली असतात. म्हणून एकच जाडजूड कोट नको. थर्मल, लोकरीचा स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट. काढता-घालता येतं, आणि सान्याला जाताना बॅगेत मावतं. ओठांना, हातांना लावायला काहीतरी चिकट हवंच, भेगा पडतात.

बीजिंगमधल्या जुन्या राजवाड्याची (फॉरबिडन सिटी) तिकिटं सात दिवस आधी ऑनलाइन सुटतात, पासपोर्टच्या नंबरावर. सोमवारी बंद. तिथल्या चौकांत धातूचे प्रचंड रांजण ठेवलेत. लोक त्यांच्यासमोर फोटो काढून पुढे जातात. तुम्ही थोडं थांबा. 1420 साली पुरा झालेला सगळा लाकडी कारभार, आगीची धास्ती कायमची. म्हणून रांजणांत पाणी भरून ठेवायचे आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून खाली विस्तव ठेवायचे. मी वाकून खालची जागा पाहिली आणि सातारच्या आमच्या न्हाणीघरातला बंबच डोळ्यांपुढे आला. काही रांजणांवरचा सोन्याचा मुलामा खरवडून नेलाय, ते ओरखडे बोटांना लागतात. मग उत्तरेच्या दारानं बाहेर पडून समोरची जिंगशान टेकडी चढा. वरून उतरत्या उन्हात ती पिवळी छपरं ओळीनं दिसतात. मला अख्ख्या प्रवासात याहून सुंदर काही दिसलं नाही.

चीनच्या भिंतीसाठी मुतियान्यूचा भाग निवडा. रोपवेनं वर जाता येतं, गुडघ्यांना बरं. सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फ टणक होतो, तिथे कठडा सोडू नका. आणि फोन आतल्या खिशात ठेवा. भिंतीवर यांच्या फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडली, माझाही लगेच गेला. चीनमध्ये सगळे पैसे फोनवरून जातात, त्यामुळे खाली चहाच्या टपरीसमोर आम्ही नुसते उभे. टपरीवाल्या आजींनी हातवारे करून दोघांना आत शेगडीपाशी बसवलं, कपात गरम पाणी दिलं, फोन उबेला ठेवला. तो सुरू झाल्यावर पैसे द्यायला गेलो तर घेईनात.

जेवणाचं म्हणाल तर 'वो छृ सू' एवढं शिका, मी शाकाहारी आहे. तरी रस्सा मांसाचा असू शकतो, तो वेगळा विचारा. रस्त्यावर भाजलेली रताळी, गरम चेस्टनट आणि काडीला लावलेली साखरेच्या पाकातली आंबट फळं भरपूर. यांनी दोन दिवस रताळ्यांवर आनंदात काढले.

एक दिवस मात्र शिजियाझ्वांग शहरासाठी राखाच. बीजिंग पश्चिम स्टेशनहून वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आत पोचता. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. 1938 साली जपानविरुद्धच्या युद्धातल्या जखमींसाठी आलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. 9 डिसेंबर 1942 रोजी गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. त्यांची बायको क्वो छिंगलान परिचारिका होती. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. आम्ही गेलो तेव्हा पुतळ्यापाशी एक शाळकरी मुलगी आपल्या आजोबांना पाटी वाचून दाखवत होती. परक्या देशातल्या एका पोरीच्या तोंडी आपल्या माणसाचं नाव, हे ऐकून दोघांनाही भरून आलं.

सान्याबद्दल थोडक्यात. बीजिंगहून विमानानं साधारण चार तास. नकाशावर पाहिलंत तर ते जवळजवळ आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या अक्षांशावर आहे, म्हणून जानेवारीतही पंचवीस अंश, नारळ, फणस, सगळं ओळखीचं. उत्तर चीनमधली कितीतरी म्हातारी माणसं अख्खा हिवाळा तिथे काढतात, संध्याकाळी किनाऱ्यावर घोळक्यानं नाचतात. तुम्हीही त्यांच्यात उभ्या राहा, जागा करून देतात. नानशानची 108 मीटरची क्वानयिन, म्हणजे करुणेच्या देवीची मूर्ती, बघा. नारळाच्या दुधातलं छिंगबूल्यांग हे थंड गोड खा. मात्र चिनी नववर्षाच्या सुट्टीच्या आत परत या, नाहीतर हॉटेलचे दर झेपणार नाहीत.

बेडोकचे काका:

क्लेमेंटीच्या ताईंनी कोटणीसांची आठवण काढली, फार बरं वाटलं. मी सोलापूरचा. तिथे त्यांच्या घराचं स्मारक झालंय, सुट्टीत गेलात तर जरूर बघा. त्याच पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं. ताई, वहिनींना शिजियाझ्वांगला फुलं न्यायची असतील तर कोणती चालतात?

क्लेमेंटीहून:

काका, शेवंती. आपल्याकडे देवाला, त्यांच्याकडे दिवंगतांना. आम्ही वाटेत फुलवाल्याला फोनवर चित्र दाखवून पांढरी नि पिवळी अशी मिळून जुडी घेतली. तुमच्या वतीनेही वहिनी वाहतील.

टॅम्पिनीसच्या वहिनी:

वाहणारच. काका, चोळकरांच्या नावानंही एक वेगळी घेते. आज गाडीची तिकिटं काढली. आता कोणाकडे दोन माकडटोप्या असतील तर सांगा, शनिवारी येऊन घेऊन जाईन.