कंटेंडर .30-30 : ओतीव गोळ्यांचा ग्रुप जुळत नाही, सल्ला हवा

एकनळी :

नमस्कार मंडळी. थॉम्प्सन सेंटर कंटेंडर (नळी खाली मोडून एका वेळी एकच काडतूस भरायचं पिस्तूल), 14 इंची नळी, .30-30 विंचेस्टर काडतूस, वर लांब आय-रिलीफचा, म्हणजे डोळ्यापासून दूर धरून पाहता येणारा, पिस्तुली स्कोप. हरणाच्या हंगामात 75 यार्डांच्या आत, स्वतः ओतलेल्या गोळीने शिकार करायची, एवढ्यासाठी ही एकबारी घेतली. तांब्याच्या कवचाची 150 ग्रेन गोळी 50 यार्डांवर दीड इंचात पडते, म्हणजे नळी बरी असावी. ओतीव गोळीचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, मात्र पाच इंचांच्या खाली यायला तयार नाही.

साचा लायमनचा 311041, म्हणजे चपट्या नाकाची, गॅस चेकवाली (तळाला धातूची पातळ टोपी), 173 ग्रेनच्या आसपासची गोळी. धातू चाकांच्या जुन्या वजनांचा, वर 2 टक्के कथील. ल्यूब (गोळीचं वंगण) अर्धं अ‍ॅलॉक्स, अर्धं मेण. गोळी .308 इंचाला साइझ करतो, म्हणजे साइझरमधून रेटून त्या जाडीला आवळतो. बारूद लोड-पुस्तकातल्या ओतीव गोळीच्या पानावरून, खालच्या आकड्यापासून सुरू करून. क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) 1650 फूट प्रति सेकंद, आणि वेग एकसारखा येतो. दहा गोळ्यांनंतर चेंबरकडून (काडतूस बसतं त्या बाजूने) नळीत पाहिलं की पहिल्या दोन इंचांत शिशाच्या राखाडी रेघा दिसतात. नळीचं पुढचं तोंड स्वच्छ.

बारूद बदलून पाहिलं, प्रायमर बदलले, ल्यूब जास्त लावलं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.

रानवाट :

शिसं चढतंय म्हणजे गोळी मऊ आहे. लायनोटाइप (छापखान्यातला कठीण मिश्रधातू) मिळालं तर ते ओत. कठीणपणाच्या मापात ब्रिनेल 22 चा धातू, 1650 ला काही होणार नाही त्याला.

भट्टीवाला :

रानवाट, हाच सल्ला मला मिळाला होता आणि त्यापायी माझा अख्खा हिवाळा गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिसं *कुठे* चढलंय ते आधी बघायचं. नळीच्या पुढच्या टोकाला चढलं तर ल्यूब वाटेतच संपलं. चेंबरला लागून, थ्रोटपाशीच (चेंबर संपून नळीच्या खाचा सुरू होतात तिथे) चढलं तर बहुतेक वेळा गोळी बारीक आहे. बारूद पेटल्या पेटल्या तापलेला गॅस गोळीच्या कडेने पुढे निसटतो, कड वितळवतो आणि तेच शिसं नळीला फासतो. एकनळी, तुझ्या रेघा थ्रोटपाशी आहेत.

आता कठीणपणाचं. ब्रिनेल अंकाला 1422 ने गुणलं की तो धातू साधारण किती दाबाला फुगायला लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. चाकांच्या वजनांचा ब्रिनेल 12 धरला तर चौरस इंचाला 17,000 पौंड. लायनोटाइपचा 22 धरला तर 31,000. मऊ गोळी थोडी बारीक असली तरी मागून दाब आला की फुगून फट बुजवते. कठीण गोळीला बारीक राहूनही फुगता येत नाही, म्हणजे गळती उलट वाढते. मी .308 ची गोळी लायनोटाइपमध्ये ओतली आणि आगीतून फुफाट्यात पडलो. आधी चार इंच होते, मग सहा झाले.

.308 हा कवचाच्या गोळीचा आकडा. ओतीव गोळी नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या मापापेक्षा एक ते दोन हजारांश इंच जाड हवी, आणि थ्रोटमध्ये हाताच्या दाबाने, अंगचोर बसायला हवी. तुझ्या नळीची मापं तुला माहीत आहेत का? नसतील तर बारूद, प्रायमर, ल्यूब सगळं बाजूला ठेव आणि आधी ही दोन मापं घे.

एक, नळीतून शिसं काढ. नळीला आतून हलकं तेल लाव. शुद्ध, मऊ शिशाचा गोळा खाचांपेक्षा किंचित जाड घे आणि पितळी दांड्याने, लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी नळीतून पार काढ. पहिले दोन-तीन ठोके जड जातील, मग तो सरकू लागेल. मध्येच हलका झाला किंवा अडला तर तिथे नळी सैल किंवा आवळ आहे, तेही लिहून ठेव. माप मायक्रोमीटरने घे. कॅलिपरवर या कामासाठी भरवसा नको, इथे भांडण हजारांशाच्या निम्म्याचं आहे.

दोन, सेरोसेफ. चेंबर आणि थ्रोटचा ठसा घ्यायचा मिश्रधातू, उकळत्या पाण्याच्या खालीच वितळतो. ठसा आधी आकसतो, मग पुन्हा वाढत जातो, आणि ओतल्यापासून एका तासाने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. तासाचा गजर लाव. दुसऱ्या दिवशी मोजलास तर आकडा चुकीचा.

थ्रोटबरोबर चेंबरच्या गळ्याचं (काडतुसाचा गोळी धरणारा निमुळता भाग बसतो तिथलं) मापही त्याच ठशावरून घेऊन ठेव. ते का, ते आकडे आले की सांगतो.

निशाणी :

भट्टीवाला काकांच्या मापाच्या मुद्द्याला शंभर टक्के दुजोरा. मी मेटॅलिक सिल्हूटमधून (प्राण्यांच्या आकाराच्या पोलादी पाट्या पाडायचा नेमबाजीचा खेळ) आले, आयएचएमएसए ही त्याची पिस्तुलांसाठीची संघटना 1976 ला स्थापन झाली त्या परंपरेतला खेळ, आणि 200 मीटरवरच्या पोलादी मेंढ्याने मला पिस्तूल धरण्याबद्दल जे शिकवलं ते इथे उपयोगी पडेल.

कंटेंडरचा फोरएंड (नळीखालचा पुढचा दस्ता) नळीलाच स्क्रूने बसतो. म्हणजे फोरएंडवर जो दाब, तो थेट नळीवर. वाळूच्या पिशवीवर दर वेळी फोरएंडची तीच जागा टेकव, नळी उघडी टेकवू नकोस. फोरएंडवर पेन्सिलने एक खूण कर आणि पिशवीची कड कायम त्या खुणेवर ठेव. मुठीचा आवळ दर गोळीला तोच हवा. ओतीव गोळी हळू जाते, नळीत जास्त वेळ असते, तोवर पिस्तूल मागे आणि वर उचललं जात असतं. कवचाच्या वेगवान गोळीने झाकलेली हाताची चूक ओतीव गोळी उघडी पाडते.

आणखी तीन गोष्टी. नळी मिटवताना दर वेळी सारख्याच जोराने मिटव, कधी हळूच, कधी खटकन असं नको. स्कोपच्या रिंगांचे आणि फोरएंडचे स्क्रू धक्क्याने सुटतात, दर सत्राआधी तपास. आणि .30-30 ची केस (काडतुसाचं पितळ) कडेच्या रिमवर टेकू देऊ नकोस. साइझिंग डाय थोडा वर घे, इतका की खांदा चेंबरला जेमतेम लागेल आणि नळी अडथळ्याविना मिटेल. केस सैल असेल तर गोळी नळीच्या मध्यावर येत नाही, आणि केसही लवकर तुटते.

एकनळी :

ताई, काका, दोघांचेही आभार. मापं घेतली.

खाचा .3083. थ्रोट, सेरोसेफवर बरोबर तासाने, .3105. म्हणजे माझी .308 ची गोळी खाचांपेक्षासुद्धा बारीक होती!

पण खरा धक्का पुढे बसला. प्रायमर आणि बारूद न घालता एका केसमध्ये गोळी बसवली, हातोडी-पुलरने काढली आणि सहज मोजली. .3072. साइझरमधून .308 ला निघालेली गोळी केसमध्ये जाऊन आणखी आवळली गेली होती. तीन गोळ्या काढल्या, तिन्ही तशाच. तळाकडचा भाग चक्क चिमटल्यासारखा दिसतोय आणि एका बाजूला शिशाचा बारीक सळ उठलाय.

भट्टीवाला :

सापडलं! तुझ्या डायमधला एक्सपांडर (केसचा गळा आतून रुंद करणारा खुंटा) कवचाच्या गोळीसाठी घडवलेला आहे. तो गळा आवळ ठेवतो, कारण तांब्याला काही होत नाही. शिशाची गोळी त्याच गळ्यात रेटली की पितळच तिला साइझ करतं. लोक महागडा साइझर घेतात, हजारांशापर्यंत गोळी नेमकी करतात आणि शेवटच्या पायरीला केस ती बिघडवते. मी प्रत्येक नव्या केसच्या लॉटला एक गोळी अशी काढून मोजतोच.

उपाय : ओतीव गोळीसाठीचा दोन पायऱ्यांचा एक्सपांडर, लायमनचा एम डाय किंवा तसाच दुसरा. गळ्याचं आतलं माप गोळीपेक्षा एक-दोन हजारांश कमी ठेवतो आणि तोंडाशी जरा रुंद पायरी देतो. गोळी त्या पायरीत सरळ उभी राहते, कड खरवडली जात नाही.

साइझर .310 चा घे. साचा .310 च्या वर गोळी टाकतो ना ते आधी मोज. बारीक टाकत असेल तर साइझर मोठा करून उपयोग नाही.

आता तो गळ्याचा आकडा. .310 ची गोळी बसवली की भरलेल्या काडतुसाचा गळा जाड होतो. चेंबरच्या गळ्यापेक्षा तो किमान दोन हजारांश इंच बारीक राहिलाच पाहिजे. गोळी सोडायला पितळाला जागा उरली नाही तर दाब झपकन वाढतो. हे तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नकोस.

एकबारीला मॅगझिनची अडचण नाही, म्हणून गोळी थोडी पुढे बसव. नाकाच्या लँडवर (नळीतल्या खाचांमधल्या उंचवट्यांवर) टेकणाऱ्या भागाला त्यांचा हलका स्पर्श हवा. काळ्या मार्करने नाक रंगव, काडतूस चेंबरमध्ये ठेवून नळी मिटव आणि काढ. रंगात लँडच्या सारख्या, बारीक खुणा दिसल्या की ती लांबी तुझी. खोली बदलली, गोळी जाड झाली, म्हणून बारूद पुन्हा पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून चढव. 1650 चा जुना लोड तसाच उचलू नकोस.

रानवाट :

काका, मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो. माझ्याकडे लायनोटाइप चाललं, पण आता आठवतंय, माझा साचा मुळातच .311 ची गोळी टाकायचा. श्रेय मी कठीणपणाला देत बसलो.

निशाणी :

शिकारीला लायनोटाइप नकोच. 12 टक्के अँटिमनीचा धातू हाडावर आदळला की तुकडे होऊ शकतात. चाकांच्या वजनांची चपटी गोळी एकसंध राहते आणि आत खोल जाते. जनावर लवकर आणि कमी यातनेत पडावं, याहून मोठं काही नाही या सगळ्यात. कुठल्या पिस्तुलाने आणि कुठल्या काडतुसाने शिकार चालते याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, म्हणजे तिथे ओतीव शिसं फक्त कागदी निशाणावर.

ओतताना तळावर लक्ष दे. नाकावर सुरकुती असली तरी एखादी गोळी बरी जाते. तळाची कड गोल राहिली असेल तर ती कधीच सरळ जात नाही, कारण नळीतून बाहेर पडताना गॅसचा शेवटचा धक्का त्या कडेवरच बसतो. सुरकुत्या म्हणजे साचा गार, पांढरट दाणेदार पृष्ठ म्हणजे साचा जास्त गरम. पांढऱ्या चालतात, गोल कडेच्या परत भांड्यात.

हवा खेळती ठेव, ओतताना खाणं-पिणं नको, नंतर हात साबणाने धू. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही नको, क्षणात वाफ होऊन शिसं उसळतं. माझ्या मनगटावर डाग आहे.

एकनळी :

तीन आठवड्यांनी येतोय. .310 चा साइझर, एम डाय, चेंबरच्या गळ्यात चार हजारांशांची फट. केसमधून काढलेली गोळी आता .3098 मोजते. लोड तळापासून चढवला आणि 1580 फुटांवर थांबलो, तिथे ग्रुप सगळ्यात घट्ट. फोरएंडवर पेन्सिलची खूण केली. ताई, त्या एका खुणेने ग्रुपमध्ये भोकांची उभी ओळ पडायची ती गेली.

50 यार्ड, पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप : 1.4, 1.7, 1.3, 1.6 इंच. वीस गोळ्यांनंतर थ्रोटमध्ये एकही रेघ नाही. तोच धातू, तेच ल्यूब.

एकच प्रश्न उरलाय. घासून स्वच्छ केलेल्या नळीतून पहिली गोळी इंचभर वर जाते. दुसरीपासून सगळं जागेवर.

भट्टीवाला :

वा, जीव सुखावला! ओतीव गोळीला नळीत ल्यूबचा पातळ थर लागतो, कोरडी नळी पहिली गोळी वेगळी टाकते. हंगामाआधी झीरो करून (स्कोप निशाणाला जुळवून) झाल्यावर नळी उघडी घासू नकोस. थ्रोटमध्ये शिसं नसेल तर तशीच ठेव, फक्त चेंबर पूस. आणि शिकारीत पहिलीच गोळी मोजली जाते, म्हणून तीच तपास. एकच कागद टांग, रोज सकाळी गार नळीतून फक्त एक गोळी झाड, कागद घडी करून ठेव, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा टांग.

एकनळी :

पाच सकाळी झाल्या. पाच भोकं, दोन इंचांच्या आत, सगळी मध्याच्या किंचित वर. कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.