मदत हवी आहे: जुन्या एमएम ५४० ला हायवेसाठी क्राऊन-पिनियन बदलू की पाच गेअरचा बॉक्स बसवू?

नमस्कार मंडळी,

महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे. प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, चार गेअरचा केएमटी ९० बॉक्स, फोर व्हील ड्राइव्ह चालू. शेतावर, कच्च्या रस्त्यावर गाडी एक नंबर. पण सातारा–पुणे करायचं म्हटलं की ६५ च्या पुढे इंजिन ओरडायला लागतं. टॉप पडलेला असतो, तरी हात आपोआप गेअरच्या दांड्याकडे जातो.

तीन मेस्त्रींना विचारलं, तीन उत्तरं. एक म्हणतात ५.३८ चा क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी; चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या) असणार, ४.८८ टाका, आकडा कमी तेवढं इंजिन हळू फिरतं. दुसरे म्हणतात, जुन्या बोलेरोचा पाच गेअरचा बॉक्स बसवा. तिसरे म्हणतात काही खर्च करू नका, नुसते मोठे टायर घाला. सध्या २१५/७५ आर १५ रेडियल आहेत. मला शंभर पळवायची नाही, ८० ला निवांत चालली तरी बास. पण चार माणसं नि सामान घेऊन खंबाटकी चढली पाहिजे. काय करू?

घाटवळण:
‘असणार’वर पैसे घालू नका, आधी मोजा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, फोर व्हील काढलेली. प्रोपेलर शाफ्टवर (गेअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने खूण करा आणि दोन्ही चाकं सोबत बरोबर एक फेरी फिरवा. शाफ्ट पाच फेऱ्या आणि वर एक तृतीयांशाहून जरा जास्त फिरला तर ५.३८, म्हणजे ४३ आणि ८ दात. पाचला थोडा कमी पडला तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. एकच चाक उचललं असेल तर ते चाक दोन फेऱ्या फिरवायचं, नाहीतर आकडा निम्मा येतो. पुढचं अ‍ॅक्सलही असंच तपासा. जुन्या जीपांत कुणी काय घातलंय सांगता येत नाही.

डिझेलभक्त:
हिशेब सोपा आहे. तुमचा टायर एका फेरीत साधारण २.१५ मीटर जातो. ८० च्या वेगाला चाक मिनिटाला ६२० फेऱ्या. चौथा गेअर सरळ (१:१), म्हणून ५.३८ ला इंजिन ३३३० च्या आसपास, ४.८८ ला ३०२०. पाचवा गेअर ०.८ धरला तर जुन्याच डिफवर (डिफरन्शियल, म्हणजे हाच ५.३८ चा क्राऊन-पिनियन) २६७० च्या खाली.

टायरचं म्हणाल तर २३५/७५ घातले तरी जेमतेम चार टक्के फरक. स्टीअरिंग जड होईल ते वेगळंच.

४.८८ घेतलात तर पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागतील. एकच बदलून डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकलीत तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) पिळवटून निघेल. शिवाय पहिला गेअरही तेवढाच उंच होतो, म्हणजे भरल्या गाडीला चढावर क्लच जास्त घासणार. आणि स्पीडोमीटर कमी दाखवेल: खरे ८०, काट्यावर ७२-७३.

पाच गेअरच्या बॉक्सला यातलं काही नाही. त्रास बसवण्याचा आहे. बॉक्स लांब निघाला तर ट्रान्सफर केस मागे सरकते, मग मागचा शाफ्ट कापून छोटा, पुढचा लांब. छोट्या चेसीसवर मागच्या शाफ्टचा कोन वाढतो आणि युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचे सांधे) लवकर वाजायला लागतात. बेल हौसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच), क्लच प्लेटचे स्प्लाइन (खाचा), माउंटिंग जुळतंय का हे बॉक्स विकत घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

घाटवळण:
अजून एक. कॅनव्हासचं छप्पर, उभी काच, समोरून वारा. प्युजोत ताकद बेताची. ४.२७ वगैरे घालायच्या फंदात पडू नका, इंजिन शांत होईल पण वाऱ्यात टॉप ओढणारच नाही, चौथ्यातून तिसऱ्यात करत बसाल. पाचवा मात्र सपाटीलाच वापरायचा, चढ आला की चौथा आहेच. तुमच्या वापराला माझं मत पाच गेअरला.

धागाकर्ता:
मोजलं. मागे ५.३८ निघाला, पुढे चक्क ४.८८! आधीच्या मालकाने फोर व्हील वापरलीच नसावी. आता पुढचा ५.३८ करून पाच गेअर घ्यावा, की मागचाच ४.८८ करून एका खर्चात भागवावं?

डिझेलभक्त:
मग चित्र बदललं. अर्धं काम झालेलंच आहे, मागचा ४.८८ करा. नवीन क्राऊन-पिनियन जोडीनेच घ्या, आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेजने लावणाऱ्या मेस्त्रीकडेच द्या. अंदाजाने शिम (पातळ चकत्या) घातल्या तर ६० ला डिफ रडायला लागेल. ३००० ला प्युजो दिवसभर चालतं. त्यातूनही आवाज खुपला तर पाचवा गेअर नंतर बघू.