मनगटावरचा बिंदू दाबा, पण उलटीचे इंजेक्शन नाकारू नका

निशिगंध:
दिगंत यांनी काल लिहिले की, मनगटाच्या आतल्या बाजूचा पी-६ हा ॲक्युप्रेशरचा बिंदू दाबला की शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबते, म्हणून रुग्णाने उलटीचे इंजेक्शन सरळ नाकारावे. हे वाचून स्वस्थ बसवेना. मी वीस वर्षे भूल देते आणि बटणाने हा बिंदू दाबून ठेवणाऱ्या मनगटपट्टीला माझा विरोध नाही. या बिंदूवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ५९ चाचण्या आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्ण होते. खोट्या, म्हणजे केवळ दिखाव्याच्या उपचाराशी तुलना करता मळमळ सुमारे एक तृतीयांशाने आणि उलटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र तो पुरावा कमी दर्जाचा असल्याचे त्याच आढाव्यात म्हटले आहे. रुग्ण स्त्री आहे, धूम्रपान करत नाही, गाडी लागते आणि नंतर मॉर्फीनसारखी वेदनाशामके लागणार आहेत, अशा चारही गोष्टी जुळल्या तर उलटी-मळमळीचा धोका ८० टक्क्यांच्या घरात जातो. अशा बाईला केवळ पट्टीवर सोडणे हा निष्काळजीपणा आहे.

दिगंत:
‘निष्काळजीपणा’ हा शब्द आपण मागे घ्यावा. माझ्या आईला पहिल्या शस्त्रक्रियेत ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीचे इंजेक्शन दिले, तर दोन दिवस डोके ठणकत होते आणि पोट साफ होत नव्हते ते वेगळेच. उलट्याही थांबल्या नाहीत. दुसऱ्या वेळी आम्ही दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधल्या आणि तिला एकही उलटी झाली नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तर्कवादी:
दोन्ही वेळी भूल एकाच प्रकारची होती का, एवढेच सांगा. शिवाय या चाचण्यांत खोटी पट्टी म्हणजे बहुधा बटण नसलेली पट्टी असते आणि मनगटावर दाब येतो की नाही, हे शुद्धीवर आलेल्या माणसाला कळतेच. डंडी या भूलतज्ज्ञांनी बेलफास्टमध्ये १९८० च्या दशकात या बिंदूचा अभ्यास सुरू केला. एवढ्या वर्षांनंतरही तो नेमका कसा काम करतो याचे सर्वमान्य उत्तर नाही.

रात्रपाळी:
तुम्ही सगळे उलट्या मोजता आहात. मी परिचारिका आहे, आणि माझे दुखणे वेगळे आहे: मळमळ कोणी विचारतच नाही. उलटी झाली तर कागदावर नोंद होते. पण रुग्ण डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून, कूस बदलायलाही घाबरत तासन् तास पडून राहतो, त्याची नोंद ‘तक्रार नाही’ अशी होते. माझ्या स्वतःच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मला एकही उलटी झाली नाही, परंतु रात्रभर कोरडे उमासे येत होते आणि प्रत्येक उमाशाला टाके ताणले जात होते. शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, हाताला दोऱ्यांसारख्या लागणाऱ्या दोन कंडरांच्या मधोमध, मी स्वतःच अंगठा रोवून धरला. दाब सुटला की मळमळ परत यायची.

तर्कवादी:
याचा पट्टीशी काय संबंध? विषय भरकटतो आहे.

रात्रपाळी:
भरकटत नाही, हाच मुद्दा आहे! विचारलेच नाही तर इंजेक्शन उशिरा मिळते आणि पट्टी सैल झालेलीही कळत नाही. सलाइनच्या सुईला अडथळा होतो म्हणून पट्टी वर सरकवलेली, बटण भलत्याच जागी रुतलेले आणि त्याखाली लाल वळ उठलेला, हे मी कितीदा पाहिले आहे. मग पट्टी अपयशी ठरली, की आपली देखरेख?

निशिगंध:
रात्रपाळी यांचे म्हणणे मला लागले, कारण माझ्याही नोंदींत उलटीचा रकाना आहे आणि मळमळीचा नाही. तो मी घालून घेईन. इंजेक्शनही सर्वांना पुरत नाही, हेही खरे. एका मोठ्या चाचणीत ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या उलटी रोखणाऱ्या औषधांपैकी प्रत्येकाने धोका जेमतेम पाव हिश्शाने कमी केला. म्हणूनच जास्त धोक्याच्या रुग्णाला एकाहून अधिक उपाय एकत्र द्यावे लागतात आणि त्यांत पट्टीलाही जागा आहे.

तर्कवादी:
औषधासोबत, सुईच्या दुसऱ्या हाताला, योग्य जागी आणि अधूनमधून तपासून बांधणार असाल, तर माझी हरकत संपली. मेरिडियनचे, म्हणजे शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या असल्याचे पारंपरिक चिनी स्पष्टीकरण मात्र मला मान्य नाही.

दिगंत:
आईला विचारले. दुसऱ्या वेळी तिला फक्त कमरेखाली भूल दिली होती, म्हणजे दोन्ही वेळची भूल सारखी नव्हती. ‘नाकारावे’ हा शब्द मी काढून टाकतो. पट्ट्या मात्र पुढच्या वेळीही बांधणार, आणि तिला मळमळते आहे का, हे दर तासाला मी स्वतः विचारणार.